ताटाची डावी बाजू

मला आयुष्यात बऱ्याच जणांनी नापसंत केलं, आणि त्यांतल्या बहुतेकांकडे चांगली कारणं होती. शाळेतल्या बाईंना माझं बोलणं खपत नसे, कारण ते थांबत नसे. माहेरच्या शेजारणीला माझं हसणं आवडत नसे, कारण ते तिच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचत असे. पण बंगळूरला राजाजीनगरच्या घरात एका हिवाळ्यात माझ्या सासूबाईंनी मला जे वाऱ्यावर सोडलं, त्याचं कारण माझ्यात नव्हतं आणि त्यांच्या मनातही नव्हतं. ते त्यांच्या डोक्यात होतं. म्हणजे खरोखरच डोक्यात: उजव्या कानाच्या वर, हाडाच्या आत, कोणालाही दिसणार नाही अशा जागी. हे उमगेपर्यंत आमच्या घरात जे नाटक झालं ते मी आजवर इतक्या वेळा सांगितलं आहे की मी सुरुवात केली की आमचे हे उठून अंगणात जातात. तुम्ही बसा.

आधी ताट मांडते. वर मधोमध मीठ. मिठाच्या डाव्या हाताला लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर, लोणचं असं खाली उतरत यायचं. उजव्या हाताला भाजी, तिच्याखाली आमटीची वाटी. मध्ये भाताची मूद, मुदीवर वरण, वरणावर तूप. पुण्याच्या मुलींना हे जन्मतःच येत असावं. मी बेळगावकडची. आमच्या घरात निम्मी माणसं मराठीत भांडत, निम्मी कानडीत, आणि चटणी जिथे जागा मिळेल तिथे बसे. लग्नानंतर पहिल्यांदा वाढायला उभी राहिले तेव्हा मी ती भाजीच्या शेजारी वाढली. सासूबाईंनी ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी काळजीच्या सुरात विचारलं, "ही वाट चुकली, का हिला कोणी हाकललं?"

या बाईशी आपलं जमणार हे मला तिथेच कळलं.

जमलंच. मामंजी गेल्यावर त्या पुण्याच्या थोरल्या मुलाकडे न राहता आमच्याकडे बंगळूरला आल्या होत्या. लोकांना त्या इथल्या हवेचं कारण सांगत. आमचे हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर. सकाळी कारखान्याची बस त्यांना घेऊन जाई, संध्याकाळी आणून सोडी, आणि मधलं सगळं घर आम्हा दोघींचं. दुपारी ओसरीवर शेंगा सोलत बसायचं आणि इथल्या मराठी मंडळातल्या बायकांच्या नकला करायच्या हा आमचा नेम. चाल त्यांची, आवाज माझा. गणपतीतल्या नाटकात नायिकेचं काम करणाऱ्या जयनगरच्या एका बाईंचं रडणं आम्ही इतकं हुबेहूब बसवलं होतं की पुढे त्या बाई खरोखरच्या दुःखात रडल्या तेव्हा आम्हा दोघींना तोंडावर पदर धरून बाहेर जावं लागलं. भाजीवाल्याशी सासूबाई "स्वल्प कमी कर की रे अण्णा" अशा त्यांनी स्वतः तयार केलेल्या भाषेत बोलत, आणि तो "सरी अम्मा", म्हणजे बरं बाई, म्हणून भाव उतरवी. मी शुद्ध कानडीत घासाघीस केली तर नाही उतरवायचा.

एकोणीसशे साठचं दशक निम्मं उलटलं होतं तेव्हाची ही गोष्ट. थंडी सुरू होत होती. एका सकाळी सासूबाई न्हाणीघरात पडल्या. कोपऱ्यावरचे डॉक्टर आले, रक्तदाब वाढल्याचं म्हणाले. डावा हात काही दिवस जड राहिला, जीभ किंचित अडखळली, मग दोन्ही बरंच सुधारलं. पण झोप फार येई, आणि मऊ भाताची पेज चमच्याने भरवावी लागे. पुण्याला तार गेली आणि माझ्या थोरल्या जाऊबाई आल्या.

त्यांना मी वहिनी म्हणते. उंच, नीटनेटक्या, कमी बोलणाऱ्या. भांडायला अतिशय गैरसोयीची बाई, कारण त्या चुकत नसत. आल्या त्या दिवशीच त्यांनी पदर खोचला, स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि मला म्हणाल्या, "मुख्य मी बघते. तू डावी बाजू सांभाळ." म्हणजे चटणी, कोशिंबीर, लोणचं. मी मनातल्या मनात त्यांच्या चालण्याची नक्कल करून पाहिली आणि सरी म्हटलं.

सासूबाई उठून पाटावर जेवायला बसू लागल्या तेव्हा आम्हाला किती आनंद झाला. त्या जेवल्याही चांगल्या. वहिनींची भाजी संपली, आमटीची वाटी चाटूनपुसून रिकामी झाली. माझ्या चटणीला, कोशिंबिरीला, लोणच्याला बोट लागलं नव्हतं.

तोंडाला चव नसेल म्हणून मी दुसऱ्या दिवशी चटणी बदलली. मग कोशिंबीर बदलली. शेजारच्या अक्कांकडून त्यांच्या हातचं मोरावळ्यासारखं काहीतरी मागून आणलं, ते वाढलं. रोज तेच. उजवीकडचं साफ, डावीकडचं जसंच्या तसं. भाताची मूदसुद्धा अर्धीच जाई, सुरीने कापल्यासारखी. ते आम्ही पाहिलं आणि भूक कमी झाली असेल असं म्हटलं. माणूस एकदा रुसव्याचा अर्थ लावत बसला की भाताकडे कोण बघतो.

आणि रुसवाच वाटावा असं सगळं होतं. त्यांच्या खाटेच्या डाव्या अंगाला स्वयंपाकघराचं दार होतं, उजव्या अंगाला खिडकी. खिडकीपाशी वहिनींची खुर्ची. मी दारातून आत येई आणि विचारी, "आई, चहा टाकू?" त्या वहिनींकडे वळून म्हणत, "हो, टाक." मी तिथे उभी आहे हे त्यांच्या गावीही नसे. वहिनी ओशाळून म्हणत, "ती विचारतेय, आई." त्यावर त्या आणखी उजवीकडे, खिडकीबाहेर बघत.

घरात कुजबुज सुरू झाली. आमच्या ह्यांनी एका संध्याकाळी बूट काढता काढता मला विचारलं, मी आईला काही बोलले का. मी म्हटलं, रोजच बोलते, तेच तर आमचं होतं. अक्का अवरेकायीची टोपली घेऊन आल्या. या पावट्यासारख्या शेंगा थंडीत बंगळूरला घरोघरी ढिगांनी येतात आणि त्यांचा वास भिंतींना लागतो. अक्कांनी शेंगांबरोबर सल्लाही आणला होता: सासूचे पाय धर आणि काय केलंस ते आठव. मी रात्रंदिवस आठवत होते. जयनगरच्या बाईंच्या रडण्यापलीकडे मला एकही पाप आठवेना.

सासूबाईंनी शेंगा सोलायला घेतल्या. ढिगाच्या उजव्या कडेच्या सोलल्या आणि "झाल्या" म्हणून उठल्या. दारापुढे रांगोळी काढली ती अर्ध्या कमळाची. वहिनी म्हणाल्या, अशक्तपणा. आणि मग, आमचे हे घरी असताना, त्यांच्या त्या शांत आवाजात वहिनींनी सांगितलं की आईंना इथे करमत नाही, इथलं अन्न रुचत नाही, हे सगळ्यांना दिसतंच आहे. तेव्हा संक्रांत झाली की त्या आईंना कायमच्या पुण्याला नेणार. आमचे हे तिकिटांची चौकशी करतो म्हणाले. त्यांना आई हवी होती आणि आईला मी नको होते, असा त्यांचा हिशेब झाला होता. मला मात्र त्या माणसाशिवाय ते घर कसं लागेल हे समोर दिसत होतं: दुपारची ओसरी, समोर शेंगा, आणि चाल नाही, नुसता आवाज.

माझ्या स्वभावातला एक गुण असा की फार दुःख झालं की मला खोड्या सुचतात. रविवार होता. वहिनींनी भरली वांगी केली होती, आणि त्यांची भरली वांगी म्हणजे पुण्यात लोक आमंत्रणाची वाट बघत. सासूबाईंचं ताट मी वाढायला घेतलं. मीठ वर मधोमध. आणि मग सगळी चटणी-कोशिंबिरीची वरात मी उजवीकडे उतरवली, आणि वांगी आणि आमटी डावीकडे.

वहिनींनी ते पाहिलं. "हे काय मांडलंयस?"

"आमच्या बेळगावची पद्धत," मी म्हटलं. माहेरची अब्रू गेली, पण कामी आली.

सासूबाई बसल्या. उजवीकडे हात गेला तो थेट चटणीवर. त्यांनी चटणी खाल्ली, कोशिंबीर खाल्ली, लोणच्याची फोड चोखून बाजूला ठेवली. परत चटणी मागितली. मग ताटाकडे बघून, वहिनी बसल्या होत्या त्या दिशेला तोंड करून म्हणाल्या, "आज भाजी नाही केलीस का गं, थोरले?"

वांगी त्यांच्या डाव्या बोटांपासून वीतभर अंतरावर होती, रश्शावर तेल चकाकत होतं.

वहिनींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. पण खरं सांगते, त्या क्षणी मी तो नीट बघितलाही नाही. मी जिंकले होते. माझ्या आत ढोल वाजत होते. ते वाजता वाजता माझं लक्ष भाताकडे गेलं. मूद परत अर्धी. उजवी अर्धी गेलेली, डावी जागच्या जागी, तिच्यावरच्या तुपालाही धक्का नाही. आता भाताशी तर कोणाचं भांडण नव्हतं. भात ना माझा होता ना वहिनींचा.

मी वाकले आणि ताट हळूच अर्धं फिरवलं.

"अगं बाई," सासूबाई म्हणाल्या, "ही कधी वाढलीस?" आणि वांगी खाऊ लागल्या. उरलेला भातही त्यांनी संपवला. पण ताट फिरलं होतं. नुकतीच वाढलेली चटणी आता डावीकडे गेली होती. त्यांनी ताट संपल्यासारखा हात आवरता घेतला.

आमचे हे घास हातात धरून बघत होते. मग त्यांच्यातला इंजिनिअर जागा झाला. त्यांनी पुढे सरकून ताट पाव फिरवलं, मग आणखी थोडं, आणि प्रत्येक वेळी आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. शेवटी सासूबाई वैतागल्या. "ताट आहे का जातं?"

कोणी हसलं नाही. आम्हा तिघांना एकदमच भीती वाटली होती.

शहराच्या दुसऱ्या टोकाला मोठ्या दवाखान्यात मेंदूचे डॉक्टर होते. सडपातळ, तरुण, कानडी. त्यांना मराठी येत नव्हतं आणि सासूबाईंची खास भाषा भाजीवाल्यापुरती होती, म्हणून मी मध्ये दुभाषी. डॉक्टरांनी त्यांना फूल काढायला सांगितलं. त्यांनी मन लावून काढलं. उजवीकडे पाकळ्या, देठाला उजवीकडे पान, डावीकडे कोरा कागद. फूल पूर्ण झालं का, असं डॉक्टरांनी विचारलं. सासूबाई मला म्हणाल्या, "त्यांना विचार, त्यांच्या बायकोला एवढं तरी येतं का?" मी डॉक्टरांना सांगितलं, अम्मा हो म्हणतायत.

मग त्यांनी एक गंमत केली. समोर बसून सासूबाईंच्या डाव्या बाजूला एकच बोट हलवलं. सासूबाईंना ते दिसलं. उजव्या बाजूला हलवलं, तेही दिसलं. मग दोन्ही बाजूंना एकदम हलवलं, तर त्या म्हणाल्या, एकच, उजवीकडचं. परत केलं, परत तेच. "डोळे उत्तम आहेत," डॉक्टर म्हणाले. "डावीकडचं आत पोचतं. पण उजवीकडे काही असलं की डावीकडच्याला आत कोणी विचारत नाही."

पडल्या त्या दिवशी मेंदूच्या उजव्या भागाला थोडा वेळ रक्त मिळालं नव्हतं, असं त्यांनी समजावलं. समोर एवढं जग पसरलेलं असतं, त्यातलं सगळंच आपण घेत नाही. कशाकडे लक्ष द्यायचं ते ठरवणारं धाग्यांचं एक जाळं मेंदूत पसरलेलं आहे, आणि त्याच्या दोन बाजू सतत एकमेकींना ओढत असतात. उजव्या मेंदूकडची ओढ लक्ष डावीकडे नेते. ती सैल पडली की सगळंच लक्ष उजवीकडे घरंगळतं, आणि त्या माणसाला काही कमी आहे असं वाटतसुद्धा नाही. अर्धं जग नाहीसं होतं आणि उरलेलं अर्धंच पूर्ण दिसतं.

आमचे हे म्हणाले, म्हणजे एका बाजूच्या तारा तुटल्या. डॉक्टर म्हणाले, तारा आहेत, फोनची घंटी वाजतेय, उचलणारं कोणी नाही. मला दोघांचंही पटेना. मी त्यांना आमच्या गणपतीतल्या नाटकाचं सांगितलं. मंडळाकडे प्रकाश टाकायचा एकच मोठा दिवा, आणि तो फिरवणारा गृहस्थ. एका प्रयोगात त्याची मान अवघडली आणि दिवा डावीकडे वळेना. नायिका डावीकडे उभी राहून जीव तोडून रडत होती आणि अख्खं प्रेक्षागृह उजवीकडच्या रिकाम्या कोचाकडे बघत होतं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, पुढच्या पेशंटला ते हेच सांगणार. आमचे हे अजूनही तारांवरच ठाम आहेत.

सासूबाईंना मात्र यातलं काही पटलं नाही. त्यांना स्वतःला काहीही झालेलं नव्हतं. आम्हीच घरातल्या वस्तू लपवत होतो, लोक डावीकडून चोरपावलांनी येत होते, आणि डॉक्टर पोरगेला होता. त्यांना दोष देता येत नव्हता. जे हरवलं हेच कळत नाही ते शोधायचं कसं? डॉक्टरांनी उपाय सांगितला तो साधा: जबरदस्ती नको, प्रत्येक काम डाव्या कडेपासून सुरू करायची सवय लावा, डावीकडे एक खूण द्या, ती सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. आणि एक माणूस रोज, न कंटाळता, त्यांच्या मागे लागलं पाहिजे. बंगळूरला काय किंवा पुण्याला काय.

ती खूण आम्हाला ताटातच मिळाली. मी मीठ त्याच्या जागेवरून थोडं डावीकडे सरकवलं आणि त्यांना म्हटलं, "आई, मीठ कुठे वाढलंय सांगा, आणि तिथून डावीकडे उतरत या. मी वाढायला चुकतेय का बघा." माझी चूक काढायची म्हटल्यावर त्या तयार झाल्या. मान वळे, थबके, परत उजवीकडे सरके. मी म्हणे, अजून. वहिनी म्हणत, अजून, आई. मीठ सापडलं की बोट एकेक पायरी उतरत येई: लिंबू, चटणी, कोशिंबीर. काही दिवस सापडे, काही दिवस नाही.

त्याच दिवसांत स्टोव्हचं झालं. सासूबाई स्वयंपाकघरात पाटावर बसल्या होत्या, आणि त्यांच्या डावीकडे स्टोव्ह एकदम भडकला. ज्वाळा हातभर वर गेली. वहिनींनी धावत येऊन हवा सोडली. सासूबाईंना आम्ही विचारलं, भाजलं का, घाबरलात का. त्या म्हणाल्या, "कसला जाळ?" त्यांना काही दिसलंच नव्हतं. पण त्यानंतर तो स्टोव्ह त्यांच्या डावीकडे पेटला की त्या पाट उचलून उजवीकडे सरकायच्या. विचारलं तर म्हणत, इथे वारा लागतो. कधी म्हणत, पाय आखडला. एकदा म्हणाल्या, ही जागाच मेली अडचणीची आहे. दर वेळी कारण नवं, आणि स्टोव्हचं नाव एकदाही नाही.

पुढच्या खेपेला डॉक्टरांना हे सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. दिसणं आणि घाबरणं यांच्या वाटा आत वेगळ्या असाव्यात असं त्यांना वाटत होतं, ते म्हणाले. डोळ्यांनी आणलेली बातमी एका वाटेने जाणिवेकडे जाते, तिथे अम्मांच्या घरी दार बंद. पण दुसरी एक जुनी वाट खोल कुठेतरी भीतीच्या गाठीकडे जाते, आणि ती गाठ जागी आहे. ती शिकते, लक्षात ठेवते, शरीराला हलवते. अम्मांना फक्त कळवत नाही. मग कळलं नाही म्हणून त्या कारण बनवतात, आणि ते त्यांना खरंच वाटतं.

मी विचारलं, "भीतीचं जसं, तसं मायेचंही असेल का? न दिसता पोचत असेल?"

डॉक्टर परत खुर्चीत बसले. "ते अजून आम्हाला माहीत नाही, अम्मा," ते म्हणाले. मी त्यांच्यापेक्षा लहान होते, पण इथे सगळ्याच बायका अम्मा.

परत येताना बसमध्ये मी हे सगळं वहिनींना मराठीत सांगितलं, अर्थात थोडं रंगवून. त्या खिडकीबाहेर बघत ऐकत होत्या. पुण्याच्या गाडीची दोन तिकिटं ह्यांनी आधीच काढून आणली होती. दुखण्याचं नाव कळलं म्हणून वहिनींचा विचार बदलला नव्हता. पुण्याला घर मोठं होतं, थोरला मुलगा होता, आणि मागे लागायला वहिनींसारखं न चुकणारं माणूस होतं. माझ्याकडे काय होतं? नकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी ओसरीवर बसलो. अवरेकायीचा शेवटचा ढीग. मधे सासूबाई, त्यांच्या उजवीकडे वहिनी, डावीकडे मी. सासूबाईंचं तोंड वहिनींकडे. मी बोलले तरी उत्तर तिकडेच जात होतं, आणि आता कारण माहीत असूनही ते मला लागत होतंच. त्याबाबतीत माझ्याही डोक्यातली ती जुनी वाट चांगलीच जागी होती.

मग वहिनी, हातातली शेंग न सोलता, खाली बघून बोलू लागल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आईंनी त्यांच्या स्वयंपाकाला कधी नावं ठेवली नाहीत आणि कधी चांगलंही म्हटलं नाही. मामंजी गेल्यावर आई बंगळूरला निघून आल्या तेव्हा लोकांनी विचारलं, थोरलीशी पटत नाही का. त्यावर काय सांगायचं हे त्यांना कधी सुचलं नाही. "आणि या खेपेला त्या माझी भाजी संपवायला लागल्या," वहिनी म्हणाल्या. "रोज. मला वाटलं, उशिरा का होईना, आवडली. मग तू ते ताट फिरवलंस."

मी काहीतरी बोलणार होते. विनोदच असणार. सुदैवाने सुचला नाही.

"मी आल्यापासून बघतेय," त्या म्हणाल्या. "मी एकटी असले की त्या कुरकुरतात. पाठ दुखते, खिडकी लाव, खिडकी उघड. तू येऊन त्यांच्या डावीकडे बसलीस की गप्प होतात. तू काही बोलली नाहीस तरी. त्यांना तू दिसत नाहीस. मान इकडे माझ्याकडेच असते. पण हात सैल पडतात. आताही बघ."

मी बघितलं. सासूबाईंचे हात मांडीवर होते, उघडे, शेंगांच्या सालांत विसावलेले.

"डॉक्टरांना माहीत नसेल," वहिनी म्हणाल्या, "मला दिसलंय." आणि त्या उठल्या. आपला पाट उचलला, सासूबाईंच्या मागून वळसा घालून आल्या आणि माझ्या जरा पुढे, त्यांच्या डाव्या बाजूलाच बसल्या. उजवीकडे आता नुसती भिंत होती.

सासूबाईंनी थोडा वेळ त्या भिंतीकडे पाहिलं. "थोरली कुठे गेली?"

"इथे आहे, आई. डावीकडे."

मान वळायला लागली. मध्ये अडली, परत भिंतीकडे निघाली. तिकडे तिला धरून ठेवायला काहीच नव्हतं. वहिनींनी परत हाक मारली आणि ती परत आली, अगदी हळू, गंजलेलं दार उघडावं तशी. आधी वहिनी सापडल्या. मग आणखी थोडं, आणि मी. कितीतरी आठवड्यांनी त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"दोघी एका बाजूला?" त्या म्हणाल्या. "भांडण झालं का मिटलं?"

"मिटलं," वहिनी म्हणाल्या. "तुम्हाला विचारायचं राहिलं होतं ते विचारते. कुठे राहायचंय तुम्हाला?"

सासूबाईंची नजर सवयीने उजवीकडे घसरू लागली होती. त्यांनी ती ओढून परत आणली. जड वस्तू उचलताना चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता. आधी माझ्याकडे बघून झालं, मग वहिनींकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"हिच्याकडे," त्या म्हणाल्या. आणि हात लांब करून त्यांनी वहिनींचं मनगट धरलं. "पण तू एवढ्यात जाऊ नकोस."

त्या संध्याकाळी आमचे हे कारखान्यातून आले ते बूट न काढताच परत बाहेर पडले, एक तिकीट परत करायला आणि दुसरं पुढे ढकलायला.